पोर्तुगालची वाइन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पोर्तुगालची वाइन म्हणजे पोर्टच ना?

नाही. पोर्ट ही त्या देशातल्या दोउरु नावाच्या नदीच्या खोऱ्यात होणारी गोड, कडक वाइन. तिचं नाव इतकं गाजलं की बाकीचा देश तिच्यामागे झाकला गेला. पोर्तुगाल आकारानं महाराष्ट्राच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही लहान आहे, पण उत्तरेकडचा पावसाळी मिन्यु, मधले ग्रॅनाइटचे डोंगर, दक्षिणेचं तापलेलं आलेंतेझु आणि अटलांटिकमधली मदेइरा, अझोर्स ही बेटं, सगळीकडे वाइनची द्राक्षं आहेत. कागदोपत्री १४ मोठे प्रदेश आहेत आणि त्यांच्या पोटात तीसएक छोटे. छोट्या प्रदेशांचे नियम जास्त कडक असतात आणि त्यांच्या बाटलीवर ‘डीओसी’ (नियंत्रित मूळस्थान) असं लिहिलेलं असतं. सगळे पाठ करायची गरज नाही. आठ-दहा ओळखीचे झाले की बाकीचे आपोआप जागेवर बसतात.

बाटलीवर द्राक्षाचं नाव का सापडत नाही?

नाशिकच्या बाटलीवर शिराझ, काबर्ने, शेनिन ब्लां असं ठळक लिहिलेलं असतं. हे वाण बाहेरून आणलेले, जगभर माहीत असलेले, म्हणून नावावर खपतात. पोर्तुगालमध्ये अडीचशेहून जास्त देशी वाण आहेत आणि परंपरेनं ते मिसळून लावले जातात. दोउरुच्या जुन्या बागेत गेलात तर एकाच ओळीत पाच वेगवेगळ्या वाणांचे वेल शेजारी शेजारी दिसतील, आणि अख्ख्या बागेत वीस-तीस. सगळं एकदमच खुडायचं, एकाच हौदात टाकायचं. यामागचा हिशेब शेतकऱ्याचा आहे. एकावर भुरी आली तर दुसरा तगतो, एक ऐन फुलोऱ्यात पावसात सापडला तर उशिरा फुलणारा वाचतो. एकाकडून रंग मिळतो, दुसऱ्याकडून आंबटपणा, तिसऱ्याकडून वास. बागेच्या मालकालाही कधी कधी कोपऱ्यातला तो एक वेल कोणता, हे सांगता येत नाही.

अशा वाइनवर कोणत्या एका वाणाचं नाव लिहिणार? त्यामुळे पोर्तुगीज बाटली घेताना आधी गाव बघावं, मग बनवणारा आणि वाण सर्वांत शेवटी, असं माझं मत आहे. हल्ली परदेशी गिऱ्हाइकासाठी एकाच वाणाच्या बाटल्याही निघतात. त्या वाईट नसतात, पण त्यांतून हा देश कळत नाही.

ही नावं वाचायची कशी? आणि एकाच द्राक्षाला तीन-तीन नावं का?

शेवटचा ‘ओ’ बहुधा ‘उ’सारखा उच्चारतात, म्हणून ‘दोउरु’ आणि ‘अल्व्हारिन्यु’. ‘दांव’ हा प्रदेश, ‘कास्तेलांव’ हे द्राक्ष, यांतला शेवट नाकातून काढायचा. ज्यांना कोकणी येते त्यांना हे जड जाणार नाही. ‘आंतांव वाझ’ या पांढऱ्या द्राक्षाचं नाव तर गोव्यातल्या एखाद्या शेजाऱ्याचंच वाटतं.

नावांचा घोळ मात्र खरा आहे. आपल्याकडे लाल भोपळ्याला कुठे डांगर म्हणतात, कुठे काशीफळ, तसंच. स्पेनचं तेंप्रानियो दोउरुत ‘तिंता रोरिझ’ होतं आणि दक्षिणेत ‘आरागोनेझ’. ‘फेर्नांव पिरिश’ हे द्राक्ष बाइर्रादा प्रदेशात गेलं की बाईमाणूस होऊन ‘मारिया गोमिश’ बनतं.

काही नावं खेडवळ विनोदाची आहेत. पिकल्यावर सालीवर बारीक ठिपके पडणाऱ्या बिकाल या द्राक्षाला दांवमध्ये ‘घरमाश्यांची घाण’ अशा अर्थाचं नाव आहे. लांबट घडाच्या एका वाणाला ‘मेंढीची शेपटी’ म्हणतात. ‘एश्गाना कांव’ म्हणजे कुत्र्याचा गळा घोटणारं. ते इतकं आंबट असतं की नाव ऐकूनच दात आंबतात.

दोउरुचं एवढं कौतुक कशासाठी?

आधी भूगोल बघा. दोउरु नदी स्पेनमधून येते आणि पोर्तो शहराजवळ अटलांटिकला मिळते. समुद्र आणि द्राक्षांचं खोरं यांच्यामध्ये मारांव नावाची डोंगररांग आडवी उभी आहे. सह्याद्रीनं पाऊस अडवला की पूर्वेला कोरडा देश सुरू होतो, हे आपल्याला शाळेपासून माहीत आहे. तिथेही हेच घडतं. खोऱ्याच्या पश्चिम टोकाला वर्षाला ९०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तर स्पेनच्या सीमेकडे त्याच्या निम्माही नाही. हवेबद्दल तिथली म्हण आहे, ‘नऊ महिने हिवाळा आणि तीन महिने नरक.’

जमीन म्हणाल तर मातीपेक्षा दगडच जास्त. हा शिस्ट नावाचा पापुद्र्यांचा खडक असतो. तो उभा फुटतो आणि वेलाच्या मुळ्या त्या भेगांतून ओलाव्याच्या शोधात खोल उतरतात. उतार इतका तीव्र की लोकांनी पिढ्यानुपिढ्या हातानं खडक फोडून, त्याच दगडांचे बांध घालून पायऱ्या रचल्या. या पायऱ्यांच्या खोऱ्याला २००१ मध्ये युनेस्कोनं जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. फोटोत सगळं देखणं दिसतं. सप्टेंबरच्या उन्हात घडांनी भरलेली टोपली घेऊन त्या पायऱ्या चढणाऱ्या माणसाला काय दिसत असेल, हा वेगळा विषय.

पोर्टच्या इतिहासात १७५६ हे साल सारखं का येतं?

१७०३ च्या मेथ्युएन तहानं इंग्लंडात पोर्तुगीज वाइनवर फ्रेंच वाइनपेक्षा एक तृतीयांश कमी जकात लागू लागली. इंग्रजांचं फ्रान्सशी वैर असल्यामुळे मागणी वाढली, आणि मागणी वाढली की भेसळ येते, तशी आली. कुठलीही द्राक्षं आणायची आणि रंग यावा म्हणून एल्डरबेरीच्या झुडपाची काळी फळं रसात मिसळायची. नाव बदनाम झालं, भाव कोसळले.

तेव्हा राजाचा मंत्री होता तो पुढे ‘पोंबालचा मार्क्विस’ म्हणून ओळखला गेला. लिस्बन १७५५ च्या भूकंपात उद्ध्वस्त झालं, ते पुन्हा उभं करणारा हाच. १७५६ मध्ये त्यानं सरकारी कंपनी काढली आणि पुढच्या काही वर्षांत दोउरुतल्या चांगल्या जमिनीभोवती ग्रॅनाइटचे खांब रोवून हद्द आखली. भागातली एल्डरबेरीची झाडं उपटायला लावली. हद्द आखणारा हा जगातला पहिला प्रदेश नव्हे, इटलीतलं किआंती आणि हंगेरीतलं तोकाय त्याच्या आधीचं. पण हद्द, जमिनीची प्रतवारी, भाव आणि तपासणी हे सगळं एका यंत्रणेखाली इथेच आलं. त्यातले काही खांब आजही बागांमध्ये उभे आहेत.

पोर्ट गोड कशी होते? साखर घालतात का?

साखर घालत नाहीत. द्राक्षाचा रस आंबतो तेव्हा यीस्ट त्यातली साखर खाऊन अल्कोहोल तयार करतं. साखर निम्मी उरली असताना त्यात ७७ टक्के अल्कोहोलची, द्राक्षापासूनच काढलेली दारू ओततात. साधारण ४३५ लिटर आंबत्या रसाला ११५ लिटर. त्या कडकपणात यीस्ट मरतं, उरलेली साखर तशीच राहते आणि वाइन १९ ते २२ टक्क्यांवर जाते. आंबवण्याला मोजकेच दिवस मिळतात, म्हणून तेवढ्यात सालीतला रंग काढून घेण्यासाठी द्राक्षं दगडी हौदात पायांनी तुडवायची पद्धत पडली. काही ठिकाणी ती अजून चालू आहे. माणसं एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून रांगेत, सुरुवातीला मुकाट्यानं तालावर आणि नंतर गाण्याबजावण्यासह तुडवतात.

वर दिलेल्या ४३५ आणि ११५ ची बेरीज करा. ५५० लिटर, म्हणजे एक ‘पिपा’. दोउरुत आजही माल पिपात मोजतात. आपण पाणी साठवतो ते पिंप याच शब्दातून आलं. पाव, बटाटा, चावी, पगार यांच्याबरोबर हाही पोर्तुगीज शब्द मराठीत उतरला आणि इथलाच होऊन गेला.

रूबी, टॉनी, व्हिंटेज या पोर्टच्या प्रकारांत फरक काय?

फरक हवेचा आहे. रूबी मोठ्या टाक्यांत, हवा फारशी न लागू देता ठेवतात, म्हणून ती लाल आणि फळांच्या चवीची राहते. टॉनी लाकडी पिंपात वर्षानुवर्षं मुरते, लाकडातून थोडी थोडी हवा लागत राहते, रंग उतरून तांबूस होतो आणि चव सुकामेवा, अंजीर, जळक्या साखरेकडे जाते. बाटलीवरचे १०, २०, ३०, ४० हे आकडे म्हणजे त्या वयाच्या चवीला जुळणारं मिश्रण. त्यातला प्रत्येक थेंब तितका जुना असतो असं नाही. एकाच सालची टॉनी असेल तर तिला ‘कोल्येइता’ म्हणतात.

व्हिंटेज फक्त चांगल्या सालात करतात, दोन-तीन वर्षांत बाटलीत भरतात आणि मग ती बाटलीतच दशकानुदशकं मुरते. तळाशी गाळ बसतो, म्हणून उघडण्याआधी एक दिवस बाटली उभी ठेवावी आणि हलक्या हातानं दुसऱ्या भांड्यात ओतून घ्यावी. व्हिंटेज उघडली की दोन-तीन दिवसांत संपवावी लागते. टॉनी फ्रिजमध्ये महिनाभर सहज टिकते. घरात पिणारे एक-दोघंच असतील तर वीस वर्षांच्या टॉनीसारखी दुसरी सोय नाही.

गोव्यात मिळते ती ‘पोर्ट वाइन’ हीच का?

नव्हे. ती भारतातल्या द्राक्षांची, भारतात केलेली गोड लाल वाइन. पोर्तुगीज राजवटीत लागलेली चव, नाव आणि सवय १९६१ नंतरही राहिली, आणि नाताळात, लग्नात तिचा ग्लास अजून फिरतो. युरोपात मात्र ‘पोर्ट’ हे नाव दोउरुच्या हद्दीत पिकलेल्या द्राक्षांसाठी राखीव आहे. गोव्याच्या बाटलीला नावं ठेवायचं कारण नाही, फक्त तिच्यावरून दोउरुची परीक्षा करू नका.

दोउरुत साधी, गोड नसलेली वाइन होत नाही का?

उत्तम होते, आणि अलीकडे तिचाच बोलबाला आहे. १९५२ मध्ये फेर्नांदु निकोलाउ द आल्मेइदा यांनी ‘बार्का व्हेल्या’ ही लाल वाइन केली, तेव्हापासून चित्र हळूहळू बदललं. पुढे त्याच घराण्यातल्या जुआंव निकोलाउ द आल्मेइदा यांनी जुझे रामुश पिंतु रोझाश यांच्यासोबत बागांमधल्या वाणांचा अभ्यास करून पाच निवडले: तोरिगा नासिओनाल, तोरिगा फ्रांका, तिंता रोरिझ, तिंता बारोका आणि तिंतु कांव. नव्या बागा या वाणांच्या, वेगवेगळ्या पट्ट्यांत लागल्या. कामाला सोय झाली, पण मिसळीच्या जुन्या बागा मागे पडल्या. आता तेच लोक बाटलीवर ‘जुने वेल’ असं अभिमानानं छापतात.

‘व्हिन्यु व्हेर्द’ हिरवी असते का?

शब्दशः अर्थ हिरवी वाइन, पण रंग पांढरा, लाल, गुलाबी कुठलाही असू शकतो. ‘हिरवी’ म्हणजे कोवळी, लवकर प्यायची. हा प्रदेश वायव्येला, मिन्यु भागात. पाऊस भरपूर, शेतं लहान. जमीन मका-भाजीला हवी, म्हणून वेल झाडांवर किंवा कडेच्या उंच मांडवावर चढवायचे, म्हणजे घड ओल्या जमिनीपासून वर वाऱ्यात राहतात. सांगली-नाशिकच्या बागायतदाराला मांडव नवा नाही, पण तिथे घड खुडायला शिडी लागते. नव्या बागा आता तारेवर, बुटक्या आहेत.

स्वस्त बाटल्यांत जिभेवर जी हलकी चुरचुर लागते ती बहुतेकदा वरून सोडलेल्या वायूची. खरी मजा लिमा नदीकाठच्या लोरेइरु या द्राक्षात आणि स्पेनच्या सीमेवरच्या मोन्सांव-मेल्गासु भागातल्या अल्व्हारिन्युत आहे. तळलेल्या मासळीबरोबर थंडगार अल्व्हारिन्यु घेऊन बघा. याच प्रदेशात व्हिन्यांव या द्राक्षाची गडद, आंबट-तुरट लाल वाइन पांढऱ्या चिनीमातीच्या वाडग्यातून पितात. मला ती औषधासारखी वाटते, तिथले लोक तिच्यावर जीव टाकतात.

दांव आणि बाइर्रादा ही नावं जोडीनं का येतात?

कारण दोन्ही प्रदेश शेजारी आहेत आणि स्वभाव उलटे. दांव डोंगरांच्या कोंडाळ्यात, ग्रॅनाइटच्या जमिनीवर. तोरिगा नासिओनालचं मूळ घर बहुधा हेच. एंक्रुझादु हे पांढरं द्राक्ष तर इथून फारसं बाहेर पडलेलंच नाही, आणि ते देशातल्या सर्वोत्तमांत मोडतं. हुकूमशहा सालाझारच्या राजवटीत १९४० च्या दशकात इथली द्राक्षं सहकारी संस्थांच्याच ताब्यात जातील अशी व्यवस्था झाली. स्पर्धाच नसल्यानं वाइन नीरस झाली. १९८६ मध्ये पोर्तुगाल युरोपीय समुदायात गेला आणि ती मक्तेदारी सुटली, तेव्हा दांवला पुन्हा धुमारे फुटले. सहकाराची चांगली-वाईट दोन्ही रूपं बघितलेल्या मराठी वाचकाला यात नवल वाटू नये.

बाइर्रादा समुद्राच्या बाजूला, चिकण-चुनखडीच्या मातीचा. तिथे राज्य ‘बागा’ नावाच्या द्राक्षाचं: छोटे मणी, जाड साल, चिकार तुरटपणा. लवकर खुडलं की कच्चं, उशीर केला की पावसात कुजतं. जमलं तर ती वाइन वीस वर्षं टिकते. इथल्या मेयाल्यादा गावात भाजलेल्या डुकराच्या पिलाबरोबर बाइर्रादाचीच फसफसती वाइन घेतात.

वास्को द गामाचा वाइनशी काही संबंध आहे?

आडून आहे. दक्षिणेतल्या आलेंतेझु प्रदेशात व्हिदिगेइरा नावाचं गाव आहे. १५१९ मध्ये गामाला तिथली सरदारकी मिळाली. १५२४ मध्ये तो कोचीत मेला आणि १५३९ मध्ये त्याच्या अस्थी इथून नेऊन व्हिदिगेइरात पुरल्या. लिस्बनला त्या कितीतरी नंतर हलवल्या.

आज हे गाव दोन गोष्टींसाठी ओळखलं जातं. एक, वर आलेलं आंतांव वाझ. दुसरी, रांजणातली वाइन. माणसाएवढ्या उंच मातीच्या रांजणाला आतून पाइनची राळ फासतात, ठेचलेली द्राक्षं सालीसकट आत टाकतात आणि आंबू देतात. सगळा चोथा हळूहळू तळाला बसतो आणि तोच गाळणीचं काम करतो. ११ नोव्हेंबरला, संत मार्टिनच्या दिवशी, रांजणाच्या बुडाजवळचं भोक उघडतात आणि स्वच्छ वाइन खाली धरलेल्या भांड्यात पडते. ही रोमन काळापासूनची रीत. २०१० मध्ये तिला कायद्यानं वेगळी ओळख मिळाली.

बाकी आलेंतेझु सपाट, उन्हाळी आणि मोठमोठ्या जमिनींचा. आलिकांत बूशे हे फ्रान्समध्ये संकर करून तयार झालेलं, गरसुद्धा लाल असलेलं द्राक्ष इथे येऊन असं रुळलं की आता ते परकं राहिलेलं नाही.

बाटलीची बुचं तिथूनच येतात म्हणे?

जगातलं निम्मं बूच पोर्तुगालचं, आणि त्यातला बराच भाग आलेंतेझुतला. बूच ही एका ओकची साल. झाड पंचविसेक वर्षांचं झाल्यावर ती पहिल्यांदा कुऱ्हाडीनं सोलतात, मग दर नऊ वर्षांनी. बाटलीच्या लायकीचं बूच तिसऱ्या सोलणीपासून मिळतं, म्हणजे झाड लावणारा क्वचितच त्याचा पैसा बघतो. सोललेल्या बुंध्यावर त्या वर्षाचा शेवटचा आकडा पांढऱ्या रंगानं लिहून ठेवतात. ४ दिसला तर २०२४ ला सोललेलं, म्हणजे पुढची पाळी २०३३.

मदेइराची वाइन भारतात येऊन परत जायची, हे खरं का?

खरं. लांबच्या प्रवासात टिकावी म्हणून मदेइराच्या वाइनमध्ये दारू मिसळत. उष्ण कटिबंधातून जाताना जहाजाच्या पोटात पिंपं महिनोन्‌महिने तापत आणि डुलत. न विकलेला माल परत आला तर तो आधीपेक्षा चांगला लागतो, हे लक्षात आल्यावर पिंपं मुद्दामच हिंदुस्थानापर्यंत पाठवून परत आणू लागले. या फेरी मारून आलेल्या मालाला वेगळं नाव आणि चढा भाव होता. पुढे जहाजाऐवजी गरम टाक्या आल्या. चांगली मदेइरा अजूनही माळ्यावर, उन्हाच्या धगीनं पिंपात मुरते.

इथे बाटलीवर वाणाचं नाव लिहितात आणि त्यावरून गोडवा कळतो. सेर्सियाल सर्वांत कोरडी, मग व्हेर्देल्यु, मग बोआल, आणि माल्व्हाझिया सर्वांत गोड. सेर्सियाल म्हणजे तोच कुत्र्याचा गळा घोटणारा. ही वाइन आधीच तापून, हवा लागून आलेली असल्यामुळे उघडल्यावरही महिनोन्‌महिने बिघडत नाही.

लिस्बनच्या दक्षिणेला सेतुबालची मोस्कातेलही अशीच जहाजानं फिरून आलेली आहे. संत्र्याच्या सालीसारखा वास, आणि किमतीच्या मानानं फार चांगली.

फिलॉक्सेरा म्हणजे काय? त्यातून कोणी वाचलं का?

फिलॉक्सेरा हा वेलाच्या मुळांवर जगणारा, अमेरिकेतून आलेला किडा. १८६० च्या दशकात तो दोउरुत पोचला आणि बागा मेल्या. ओस पडलेल्या पायऱ्या आजही दिसतात. उपाय निघाला तो अमेरिकी खुंटावर युरोपी वेलाचं कलम. आपल्याकडे द्राक्षाला डॉगरिजचा खुंट लावतात तो मुख्यतः क्षार आणि पाण्याच्या ताणासाठी, पण युक्ती तीच.

वाचलं ते लिस्बनजवळचं कोलारिश. समुद्राकाठच्या वाळूत हा किडा जगत नाही. तिथे रामिश्कु नावाचं द्राक्ष अजून स्वतःच्या मुळांवर उभं आहे. वेल लावायला वाळूत खोल चर खणून खालच्या चिकणमातीपर्यंत जावं लागतं. पूर्वी चर ढासळला तर श्वास घ्यायला जागा राहावी म्हणून मजूर डोक्यावर टोपली घालून उतरत. लिस्बनच्या वाढत्या वस्तीनं जे गिळलं त्यातून आता थोड्याच बागा उरल्या आहेत.

अझोर्स, तेझु, आल्गार्व्ह?

अझोर्समधल्या पिकु बेटावर काळ्या लाव्हाच्या दगडांच्या चौकोनी कुंपणांत दोन-चार वेल लावतात, खारा वारा लागू नये म्हणून. २००४ पासून तोही जागतिक वारसा आहे. तिथली पांढरी वाइन खारट-आंबट, आणि महाग. तेझु रोजच्या जेवणाच्या स्वस्त वाइनचा प्रदेश. आल्गार्व्हला लोक समुद्रासाठी जातात.

विंदालूत वाइन असते का?

मुळात असायची. ‘व्हिन्या द आल्युश’ म्हणजे वाइन आणि लसणात मुरवलेलं मांस. मदेइरात नाताळला ते अजून करतात. गोव्यात द्राक्षाची वाइन कुठली मिळायला, म्हणून माडाच्या सुरेचं व्हिनेगर आलं, मग मिरची आणि मसाले. शेवटच्या ‘आलू’चा बटाट्याशी काही संबंध नाही, तो लसूण आहे.

तिकडे जायचं तर कधी जावं?

नाशिकची तोडणी जानेवारी ते मार्चमध्ये असते, दोउरुची सप्टेंबरात. तेव्हा गर्दी आणि दर दोन्ही चढे. पोर्तोहून दोउरुतल्या पिन्यांव गावापर्यंतची रेल्वे बराच वेळ नदीला लागून जाते. पोर्तोहून निघताना उजव्या हाताची खिडकी धरा.